मोटारीमागं ओतलेलं पाणी

शाळेनं मला पाचवीच्या पुढं नेलं नाही आणि मीही तिचे पाय धरले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण इथं बेंगळुरात आमच्या मराठी मंडळात मी तोंड उघडलं की निवृत्त इंजिनियर लोक एकमेकांकडं बघतात. सरकारी कारखान्यांत जन्म काढलेली पुण्याकडची माणसं ती. गेल्या गणपतीत आठवणी सांगायचा कार्यक्रम होता. मी उठून म्हटलं, तुर्कस्तानचा एक मंत्री भाषण करायला माझ्याकडून शिकला. सगळे हसले. माईक धरलेली पोरगी म्हणाली, "काका, किती गोड! पण आपल्याला वेळ कमी आहे हं." म्हणून लिहायला बसलो. कागदाला वेळ कमी नसतो आणि तो हसतही नाही.

त्या काळात आम्ही बनशंकरीला देवळाच्या मागच्या अंगाला राहत होतो. आज तिथं रस्ता ओलांडायला पाव तास लागतो, तेव्हा देवळापलीकडं नाचणीची शेतं होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, निपाणीकडून तंबाखूच्या लॉरीबरोबर इथं आले आणि लॉरी परत गेली तरी राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड असा आमचा कारभार. आई पाट्यावर लसणाची चटणी वाटताना मराठीत पुटपुटायची, भाजीवालीशी भांडताना कन्नडमध्ये आवाज चढवायची आणि देवापुढं दोन्ही भाषांत मागायची, न जाणो त्याला कुठली कळते. सकाळी देवळाची घंटा, मग पाट्याचा घरघराट, मग अण्णांचा खोकला, या क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. ज्वारीची भाकरी फक्त रविवारी. बाकी सहा दिवस नाचणी, कारण ती दारात पिकायची. अण्णांना एकच ध्यास, पोरानं बोम्मसंद्र्याला एखाद्या कारखान्यात चिकटावं. मला मोटार चालवायला त्यांनीच शिकवलं आणि मी कारखान्याऐवजी मोटारीलाच चिकटलो, याचा राग त्यांनी मनात घट्ट धरला. हट्ट आमच्या घरात वारशानंच येतो.

मला एकोणिसावं सरत असताना कँटोनमेंटकडच्या एका बंगल्यात ड्रायव्हरची जागा निघाली. नेजातसाहेब तुर्कस्तानच्या दिल्लीतल्या वकिलातीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या बायकोला, सेल्माबाईंना, दम्यामुळं दिल्लीची हवा सोसेना, म्हणून त्यांनी बेंगळुरात घर घेतलं होतं. साहेब महिन्यातून आठ-दहा दिवस यायचे. मी गाडी चालवायचो, बाजार करायचो, आणि दोन महिन्यांत स्वयंपाकघरातही शिरलो. तिथं एकावर एक ठेवलेल्या दोन किटल्या दिवसभर उकळत असायच्या; वरच्या किटलीत कडक चहा, खालच्या किटलीत नुसतं पाणी. कमरेत बारीक अशा बुटक्या काचेच्या पेल्यांत तो चहा बिनदुधाचा प्यायचा. वांगं तर बाई दहा तऱ्हांनी करायच्या. आमच्यासारखं निखाऱ्यावर भाजून, सोलून, पण मग त्यावर लसूण घातलेलं घट्ट दही. पहिल्या घासाला मला वाटलं, ही बाई आमच्या गल्लीतली आहे. साबणाला त्या 'साबुन' म्हणत, हवेला 'हवा' आणि दुनियेला 'दुन्या'. मोडकं हिंदी, मोडकं इंग्रजी आणि असे शब्द यांच्या जोरावर आमचं सगळं चालायचं. पुढं जे बोलणं लिहितो, ते असं तीन भाषांच्या चिंध्यांतलं. मी ते सरळ मराठीत लिहितोय.

साहेब हळू बोलायचे. इतकं हळू, की माणसानं त्यांच्याकडं वाकावं. वीस वर्षं त्यांनी देशोदेशी हेच काम केलं होतं, समोरच्याला दुखवायचं नाही, स्वतःचं काही कळू द्यायचं नाही. नापसंत गोष्टीलाही "मोठी विचार करण्यासारखी बाब आहे" म्हणायचे. मी एकदा रस्सा खारट केला तेव्हा मलाही हेच म्हणाले आणि मी खूश होऊन त्यांना पुन्हा वाढला! तर अशा माणसाला त्यांच्या गावाहून निरोप आला, की नोकरी सोड आणि निवडणुकीला उभा राहा. काळ्या समुद्राकाठचं डोंगरी गाव त्यांचं, हेझलनट नावाच्या गोल बियांच्या बागांचं. त्यांचे वडील तिथं मानलेले होते, आणि पक्षाला त्या नावाचा माणूस हवा होता. साहेबांनी राजीनामा लिहिला आणि तीन महिने बेंगळुरात येऊन बसले, भाषण शिकायला. माणूस मोटार शिकतो, पोहणं शिकतो. भाषण शिकणारा मी पहिलाच बघितला.

बंगल्याच्या मागं कपडे धुवायचा दगड होता. रोज सकाळी चहा झाला की साहेब कोट घालून त्या दगडावर उभे राहायचे आणि कागदावरून तुर्की भाषण वाचायचे. ऐकायला मी, माळी आणि पेरूचं झाड. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणूनच खोट कुठं आहे ते नेमकं कळायचं. सेल्माबाई टाळ्या वाजवायच्या. माळी सलाम करायचा. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही.

"साहेब, हे भाषण नाही. ही चिठ्ठी आहे."

"म्हणजे?"

"पाकिटात घालून पाठवा. वाचतील निवांत. उभं कशाला राहायचं?"

सेल्माबाईंनी डोळे मोठे केले. साहेब दगडावरून उतरले, माझ्यापुढं आले आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "दत्तू, मग कसं बोलायचं?" मी म्हटलं, "आवाज गळ्यातून काढताय, पोटातून काढा. आणि कागद खाली ठेवा. आमची भाजीवाली कागद बघून भेंडी विकती काय?"

त्या आठवड्यात मी त्यांना के. आर. पुरमच्या बाजाराला घेऊन गेलो. आमच्याकडंही निवडणुका लागल्या होत्या. तिथला एक उमेदवार, धोतर वर खोचलेला, घसा बसलेला माणूस, बाजारभर फिरत होता. कुणाच्या खांद्यावर हात, कुणाच्या पोराला कडेवर, कुणाला भर रस्त्यात शिव्या. साहेब झाडाखाली सुटाबुटात उभे राहून वहीत टिपून घेत होते. तेवढ्यात उमेदवारानं त्यांना बघितलं, हाताला धरून ओढलं आणि आपल्या माणसांच्या पंगतीत बसवलं. पानात नाचणीची मुद्दे, म्हणजे मुठीएवढा मऊ गोळा, आणि कडधान्याचं पातळ सार. साहेबांनी घास तोंडात टाकला आणि चावत बसले. चावतायत, चावतायत, घशाखाली जाईना. मुद्दे चावायची नसते, सारात बुडवून गिळायची असते. सगळी पंगत हसायला लागली. एक म्हातारी ओरडली, "अय्यो, नुंगप्पा, नुंगू!" मी म्हटलं, "गिळा म्हणतीय साहेब, गिळा!" साहेबांनी डोळे मिटले, गिळलं, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग उठून उभे राहिले आणि त्या पन्नासेक लोकांपुढं चक्क तुर्कीत बोलले. दोन मिनिटं. मोठ्यानं. काय बोलले देव जाणे, पण लोकांनी शिट्ट्या मारल्या. परत येताना ते गाडीत मागं न बसता माझ्या शेजारी बसले.

(परवा नातवानं मोबाईलवर त्यांचं एक जुनं भाषण शोधून दिलं. मैदान भरलेलं, साहेबांचे केस पांढरे, आणि आवाज असा की मोबाईल थरथरला. नातू म्हणतो, "आजोबा, हा माणूस नुसता ओरडतोय." त्याच्या कंपनीत सगळे हळू बोलतात, हिंदीत आणि इंग्रजीत. मी त्याला काय सांगणार!)

त्यानंतर आठेक दिवसांनी साहेब मला म्हणाले, "माझ्याबरोबर चल. तिकडं सगळे मला वा वा म्हणतील. तोंडावर वाईट म्हणणारा एक माणूस मला पाहिजे. डोंगरातल्या गावांतून गाडी चालव, रात्री मला सांग आज कुठं चुकलं." मी एका क्षणात हो म्हटलं. आजवर मला लोक 'ए ड्रायव्हर' म्हणत आले होते. कुणाला माझं मत हवं होतं, अशी ती पहिली वेळ.

अण्णांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. बोलायचे ते आईला उद्देशून, "सांग तुझ्या सायब लेकाला, बोम्मसंद्र्याच्या फोरमनला मी शब्द दिलाय." आई काहीच म्हणाली नाही. पासपोर्टसाठी मी कचेऱ्यांचे खेटे घालत होतो तेव्हाही नाही. जायच्या आठवड्यात तिनं चकल्या तळल्या, मेतकूट केलं, लसणाच्या चटणीची बरणी कापडात बांधली. मी समजलो, आईनं मान्य केलं. मराठी घरात बाईनं डबा बांधला म्हणजे संमतीच असं मी धरून चाललो, आणि इथंच मी पहिला गाढवपणा केला.

जायचा दिवस उजाडला. सेल्माबाई घर आवरून पंधरा दिवसांनी येणार होत्या. विमानानं मुंबईला आणि तिथून पुढं, असा साहेब आणि मी, दोघंच निघणार. भाड्याची मोटार फाटकाबाहेर उभी. आई-अण्णा बंगल्यावर आले, पहिल्यांदाच. आईनं नऊवारी नेसली होती. तिनं माझ्या तळहातावर दही घातलं, कुंकू लावलं, आणि मग थोडं थांबून साहेबांनाही लावलं. साहेबांनी मान खाली घालून लावून घेतलं. अण्णा दुसरीकडं बघत होते. मी पुढं बसलो, साहेब मागं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, चाकं दोन हात पुढं गेली असतील, आणि बंगल्यातून सेल्माबाई धावत आल्या. हातात तांब्याची मोठी झारी. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि मोटारीच्या मागं, रस्त्यावर, सगळं पाणी भसाभस ओतलं.

आमच्यात माणूस कायमचा उचलून नेला की मागं ती जागा धुतात. पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन चितेला फेऱ्या मारतात. पोर गावाला निघालं तर घरातला केरसुद्धा काढत नाहीत, तिथं मागून पाणी! आईच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही.

"अगं ए कैदाशिणी! माझं पोर जितं हाय! जित्या पोराच्या मागं पाणी सोडतीस?"

ती पळत आली आणि खिडकीतून माझा दंड धरला. गाडी थांबली. सेल्माबाई झारी घेऊन तशाच उभ्या, पांढऱ्याफटक. माळी हात जोडतोय. अण्णा म्हणतायत, "अगं, स्वल्प थांब, स्वल्प थांब." आणि मागून साहेबांचा आवाज, पुन्हा तोच जुना, हळू:

"दत्तू, आई काय म्हणताहेत?"

मी समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिलो.

"काही गैरसमज झालाय का? मला सांग. मी त्यांच्याशी बोलतो."

आई आणि त्या नवराबायकोच्या मधे भाषा जाणणारा मी एकटा. पाणी का ओतलं हे मला ठाऊक नव्हतं, पण विचारता आलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. साहेबांना सांगायचं, आई असं असं समजली. बाईंना विचारायचं, हे कशासाठी. आणि आईला सांगायचं. पण मला लाज वाटली. ज्या बाईंनी मला हातानं वाढलं, त्यांना माझी आई भर रस्त्यात कैदाशीण म्हणतेय, हे मी त्यांच्या नवऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू? आणि माझ्या आईला हे लोक अडाणी समजतील, तेही मला सोसणार नव्हतं. दोन्हीकडून माझाच अपमान. मी मान ताठ केली आणि म्हटलं, "साहेब, काही नाही. मला यायचं नाही."

"ही तुझी इच्छा आहे?"

"माझीच."

मी दार उघडून खाली उतरलो. त्यांनी घड्याळ बघितलं. मग गाडीतून उतरले, माझी ट्रंक स्वतः काढून दिली, दोन्ही हातांत माझा हात घेतला आणि म्हणाले, "विचार करण्यासारखी बाब आहे." हे शब्द ते कधी वापरतात, ते मला चांगलं माहीत होतं. मोटार गेली. आईनं सुटकेचा असा श्वास सोडला, की जणू तिनं मला नदीतून ओढून काढलं.

तिसऱ्या दिवशी मी बंगल्यावर गेलो, सामान बांधायला माणूस हवा होता म्हणून. सेल्माबाई स्वयंपाकघरात खोक्यांवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुझी आई का ओरडली? आता सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग हळूहळू, एकेक शब्द शोधून, मला सांगितलं, की त्यांच्याकडं प्रवासाला निघालेल्या माणसाच्या मागं पाणी ओततात. पाण्यासारखा वाहत जा, पाण्यासारखा परत ये. त्यांच्या आईनं त्यांच्या लग्नात ओतलं होतं. "नेजातसाठी ओतलं," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्यासाठीही. झारी मोठी घेतली होती, दोघं होतात म्हणून." आणि रडायला लागल्या. बाईमाणसाचं असं रडणं मला बघवत नाही. मी पेले कागदात गुंडाळत राहिलो.

नाक पुसून त्या म्हणाल्या, "मग प्रश्नच मिटला. माझ्याबरोबर चल. बारा दिवस आहेत अजून. मी नेजातला तार करते."

वाचणाऱ्यानं इथं मला शिव्या घालाव्यात. मी म्हटलं, "नाही." का नाही? कारण साहेबांना मी म्हटलं होतं, ही माझीच इच्छा आहे. आता गेलो तर तिथं पोचून सांगावं लागलं असतं, की मी तुमच्यासमोर खोटं बोललो. एकदा नाही म्हटलं म्हणजे नाही. बाईंनी तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा मी हेच म्हटलं, दर वेळी जास्त जोरात. जायच्या दिवशी त्या विमानतळावर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात माल चढवायच्या खात्यात लागलो. अण्णांनी त्या दिवशी माझ्याशी बोलायला सुरुवात केली.

सेल्माबाईंचा राग मात्र टिकला नाही. दर नव्या वर्षाला त्यांचं कार्ड यायचं, दोन-चार ओळींचं इंग्रजी, फोरमनकडून वाचून घ्यायचो. पहिल्या वर्षी लिहिलं होतं, की साहेब पडले. थोड्या मतांनी. भाषणं लांबली म्हणे, आणि लांबली असं सांगायला शेजारी कुणी नव्हतं. ते कार्ड फोरमननं वाचून परत दिलं, तेव्हा मी त्याच्या हातातून हिसकावलं, उगाच. पुढच्या खेपेला ते निवडून आले. मग पुन्हा आले. पंधरा-सोळा वर्षांनी कार्ड आलं, की मंत्री झाले. शेवटी पक्षाशी त्यांचं वाजलं, लोक त्यांना सोडून गेले, आणि ते हेझलनटच्या बागेत जाऊन बसले, हेही कार्डावरच कळलं. एक अख्खा जन्म मला असा वर्षाला चार ओळींत मिळाला. त्यातली निम्मी वर्षं मी त्या गाडीत असायला हवा होतो.

मंत्री झाल्याचं कार्ड आलं त्या संध्याकाळी मी घरी येऊन आदळआपट केली. आई तोवर थकली होती, भिंतीला टेकून शेंगा सोलत बसायची. तिला मी कधीच सांगितलं नव्हतं, की ते पाणी आशीर्वादाचं होतं. सांगून काय उपयोग, असं स्वतःला म्हणायचो. खरं म्हणजे तो दगड योग्य वेळी मारायला राखून ठेवला होता. त्या दिवशी मारला. सगळं सांगितलं. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये. झारी मोठी का होती, तेसुद्धा. म्हटलं, "तुझ्या अडाणीपणानं माझा जन्म बोम्मसंद्र्याला खोकी उचलण्यात गेला. आज मी मंत्र्याच्या गाडीत असतो."

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "मला काय ठाऊक नव्हतं व्हय? बाई हसत ओतत होती की. मढ्यामागं कोण हसत पाणी ओततंय?"

"मग ओरडलीस कशाला?"

"पाणी नसतं तर मांजर आडवं गेलं म्हणून ओरडले असते. तू जाऊ नये, एवढंच माझं होतं. दारात गाडी येईस्तोवर तोंडातून निघंना, मग जे गावलं ते धरलं."

इतकी वर्षं मी त्या झारीला शिव्या देत होतो. मी म्हटलं, "म्हणजे तू जाणूनबुजून माझं वाटोळं केलंस."

आईनं पहिल्यांदा वर बघितलं. टरफलं झटकली. "मी नुसता दंड धरला होता रे दत्त्या, तोही खिडकीतनं. मोटारीचं दार आतनं कुणी उघडलं?"

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. याचं उत्तर मी तिला दिलं नाही. अजूनही देणार नाही.